बुद्धीची गोळी मिळेल का? स्मरणशक्तीबद्दल काउंटरवर विचारले जाणारे प्रश्न

मिरजेत आमचं औषधाचं दुकान आहे. गाव दवाखान्यांचं, त्यामुळे चिठ्ठी घेऊन येणारे भरपूर, आणि चिठ्ठीशिवाय "काहीतरी चांगलं द्या" म्हणणारेही भरपूर. फेब्रुवारी लागला की दहावी-बारावीच्या मुलांच्या आया येतात. बाकी वर्षभर पन्नाशी-साठीतली माणसं. विचारणं एकच: डोकं चालायला काय आहे?

आधीच सांगतो, मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. आणि स्मरणशक्तीच्या टॉनिकवर मला बी-१२ जीवनसत्त्वाच्या साध्या गोळीपेक्षा चांगलं मार्जिन सुटतं. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

हल्ली फार विसरायला होतं. डिमेन्शिया तर नसेल?

डिमेन्शिया म्हणजे मेंदूच्या आजाराने स्मृती आणि समज खालावत जाणं. बहुतेक वेळा तो नसतो. देशभरातल्या साठीपुढच्या लोकांची पाहणी करून २०२३ साली जो अंदाज निघाला, तो शंभरात सात-साडेसात जणांना डिमेन्शिया असल्याचा. म्हणजे आकडा मोठा आहे, पण विसरणारा प्रत्येक जण त्यात नाही.

गॅसवर दूध विसरून उतू जाणं घरोघरी चालतं. चाळीस वर्षं चहा करणारी बाई आधी पाणी की आधी पावडर म्हणून ओट्याशी थबकली, तर ते वेगळं. भिशीचा हिशोब तोंडपाठ असणारीला तो वहीत बघूनही लागेना, रोजच्या मंडईतून घरी येताना वळण चुकलं, तीच गोष्ट अर्ध्या तासात चौथ्यांदा विचारली, स्वभावच बदलला, असं काही असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

माझा एक ठोकताळा आहे, तो ठोकताळा म्हणूनच घ्या. जो माणूस स्वतः येऊन "मी फार विसरतो हो" म्हणत मागच्या आठवड्यातले सहा प्रसंग तारीखवार सांगतो, त्याची मला फार काळजी वाटत नाही. मुलगा कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात सांगतो आणि वडील लांबूनच "मला काही झालेलं नाही, चल" म्हणतात, तिथे वाटते.

औषध घेण्याआधी काही तपासण्या कराव्यात का?

कराव्यातच. टाकीला वरून पाणी सोडण्याआधी खालचा नळ गळतोय का ते बघावं लागतं. स्मरणशक्ती गळायची बरीच कारणं साधी आहेत आणि त्यांवर उपाय आहेत: बी-१२ कमी, थायरॉइड मंद, साखर वर-खाली, बीपी वाढलेलं, रक्त कमी, झोप अपुरी, कान जड, मन उदास. उदासीचं तर कुणी बोलतच नाही. जोडीदार गेल्यावर किंवा निवृत्तीनंतर "डोकं चालेना" अशी तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी जणांचा आजार विसरण्याचा नसतोच. कशात लक्षच लागत नसेल तर डोक्यात शिरणार काय आणि आठवणार काय?

या सगळ्यांत बी-१२ आपल्याकडे फार महत्त्वाचं. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात तर सुमारे ८० टक्क्यांत. झोपडपट्टी नव्हे, खेडं नव्हे, फ्लॅटमधला मध्यमवर्ग. कारण ताटात आहे. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दुधातच असतं. पालेभाजी कितीही खाल्ली तरी मिळत नाही. चहातल्या दोन चमचे दुधाने आणि पाणीदार ताकाने भागत नाही.

जाता जाता एक: केसांसाठी बायोटिनच्या जोरदार गोळ्या घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी लॅबला सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे रिपोर्ट चुकीचा येतो.

बी-१२चं इंजेक्शन बरं की गोळी?

हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, फारच कमी आकडा, असं असेल तर डॉक्टर इंजेक्शन देतात आणि तेच योग्य. बाकी बहुतेकांना गोळी पुरते. हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतला अगदी थोडा अंश आतड्यातून आपोआप झिरपतो आणि शरीराची रोजची गरज तेवढ्यावर भागते. पण "इंजेक्शनशिवाय अंगाला लागत नाही" हा समज आमच्या भागात इतका पक्का आहे की त्यावर मी वाद घालणं सोडलंय.

डायबेटिसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, किंवा ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल रोज उपाशीपोटी चालू असेल, तर बी-१२ हळूहळू खाली येतं. दोन्ही गोळ्या चालू असलेला शाकाहारी माणूस माझ्यापुढे दिवसाला दहा वेळा उभा असतो. त्याने वर्षातून एकदा तपासून घ्यावं. आणि आकडा चांगला असेल तर जास्तीच्या बी-१२ने बुद्धी वाढत नाही. कमतरता भरून निघते, एवढंच तिचं काम.

चालू औषधांमुळे विसरायला होत असेल का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. सगळ्यांनी विचारावा असा आहे.

मागे दिवाळीनंतर एका आजींचा मुलगा ब्राह्मीच्या कॅप्सूल न्यायला आला. आजी बाकावर बसल्या होत्या. नातवाचं नाव सारखं चुकतंय, दुपारभर पेंगते, रात्री उठून कुठे आहे विचारते, असं तो सांगत होता. मी म्हटलं, चालू काय काय आहे ते बघू. दुसऱ्या दिवशी त्याने श्रीखंडाचा जुना डबा आणून काउंटरवर ओतला. अकरा प्रकारच्या गोळ्या. त्यात झोपेची अल्प्राझोलाम: आजोबा गेले तेव्हा पंधरा दिवसांसाठी लिहिलेली, सहा वर्षं चालू. पायाच्या जळजळीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली अमिट्रिप्टिलिन. खाजेसाठी तिसऱ्यांची हायड्रॉक्सिझिन. आणि नाक गळतं म्हणून रोज एक सर्दीची गोळी, क्लोरफेनिरामिन असलेली.

एकेक गोळी आपापल्या जागी बरोबर होती. चारही मिळून मात्र आजींचा मेंदू दिवसभर धुक्यात ठेवत होत्या. यातल्या शेवटच्या तीन गोळ्या ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाची वाट अडवतात, आणि नवीन आठवण पक्की करायला मेंदूला तेच लागतं. अल्झायमरसाठी (डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) डोनेपेझिल नावाची गोळी देतात ती हेच रसायन टिकून राहावं म्हणून. म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. लघवी वारंवार होते म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, पोटात कळ येते म्हणून घेतलेली डायसायक्लोमिन, हीही त्याच माळेतली.

ती सर्दीची गोळी गेली दोन वर्षं मीच त्यांना देत होतो. चिठ्ठी लागत नाही, मागितली की दिली. ते मला त्या दिवशी समोर डबा ओतल्यावर कळलं.

मी काही बंद केलं नाही, तो माझा अधिकारही नाही. सगळ्या औषधांची नावं एका कागदावर लिहून दिली आणि एकाच डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. त्यांनी दोन गोळ्या थांबवल्या, एक बदलली आणि झोपेची गोळी कित्येक आठवडे थोडी थोडी कमी करत नेली. ती कधीही एकदम सोडायची नसते, फिट येऊ शकते. उन्हाळ्यात आजी स्वतः बीपीची गोळी न्यायला आल्या. सुट्टे पैसे मोजले आणि म्हणाल्या, "दहा रुपये जास्त दिलेस रे." ब्राह्मीची कॅप्सूल अजून शेल्फवर आहे.

कोलेस्टेरॉलच्या गोळीने विसरायला होतं असं मोबाइलवर आलंय.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांच्या, माहितीपत्रकात तशी एक ओळ घातली: क्वचित, आणि गोळी थांबवली की जाणारी तक्रार. मोठ्या चाचण्यांत मात्र स्मरणशक्ती खालावल्याचं दिसलं नाही. उलट मध्यमवयात वाढलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत धरतात. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. मोबाइल वाचून गोळी बंद करू नका.

ब्राह्मी आणि शंखपुष्पीने खरंच फरक पडतो का?

पहिला घोटाळा नावातच आहे. ब्राह्मी म्हणून आपल्याकडे दोन वनस्पती चालतात. एक पाणथळ जागी पसरणारी, बारीक मांसल पानांची नीरब्राह्मी. दुसरी गोल, बेडकाच्या पावलासारख्या पानांची मंडूकपर्णी. नर्सरीतून ब्राह्मीची कुंडी आणलीत तर बऱ्याचदा दुसरीच निघते. माणसांवरच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या जास्त करून पहिलीवर झाल्यात. रोज साधारण ३०० मिलिग्रॅम अर्क, बारा आठवडे. काही चाचण्यांत ऐकलेले शब्द थोड्या वेळाने आठवण्यात थोडी सुधारणा दिसली. चाचण्या लहान होत्या, फरकही मोठा नव्हता. पण पूर्ण शून्य म्हणता येत नाही, आणि या शेल्फवरच्या बहुतेक मालाबद्दल मी एवढंही म्हणणार नाही.

घ्यायचीच असेल तर जेवणानंतर घ्या, काहींना मळमळ आणि पातळ जुलाब होतात. आणि तीन महिने द्या. परीक्षेआधी आठ दिवस सुरू केलेल्या ब्राह्मीने फक्त घरच्यांचं समाधान होतं.

शंखपुष्पीत नावाचा घोळ आणखी मोठा. विष्णुक्रांता, गोकर्ण, प्रत्यक्ष शंखपुष्पी, प्रांतागणिक वेगळी वनस्पती त्या नावाने विकली जाते. पण जपायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. फिटसाठी फेनिटॉइन चालू असणाऱ्यांनी शंखपुष्पीचं सिरप घेऊ नये. दोन रुग्णांच्या बंद झालेल्या फिट हे सिरप सुरू केल्यावर पुन्हा येऊ लागल्या, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी शोध घेतला आणि १९९२ साली तो प्रसिद्ध केला. उंदरांवरच्या प्रयोगात सिरपमुळे रक्तातलं फेनिटॉइन कमी झालेलं आढळलं. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" म्हणणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगतो.

सारस्वतारिष्टात आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं मद्य असतं. दारू सोडवायच्या डायसल्फिरामवर असलेल्याने ते घेतलं तर उलट्या, धडधड, सगळं होऊ शकतं.

जिंको, फिश ऑइल, मल्टिव्हिटॅमिन?

जिंको या झाडाच्या पानांच्या अर्कावर अमेरिकेत ३,०६९ वृद्धांची मोठी चाचणी झाली, सरासरी सहा वर्षं चालली. २००८ साली निकाल आला: डिमेन्शिया टळला नाही. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्रावाची भीती निराळीच. फिश ऑइलच्या कॅप्सूलनी निरोगी माणसांची स्मरणशक्ती वाढल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. बांगडा, तारली खाणारे असाल तर खा, जवसाची चटणीही चांगली. मल्टिव्हिटॅमिनचा साठीपुढच्यांना थोडासा फायदा अमेरिकेतल्या अलीकडच्या चाचणीत दिसलाय. घेतलं तर हरकत नाही, न घेतल्याने काही अडत नाही.

बदाम?

खा की. भिजवून खा, सोलून खा, आवडत असतील तसे खा. रात्री भिजवलेल्या पाच बदामांनी गणित सुधारलेलं मी पाहिलं नाही, आणि आमच्याकडे लहानपणी रोज देत असत.

परीक्षा जवळ आलीय. मुलाला कोणतं टॉनिक देऊ?

टॉनिक नको. त्या पैशात कोरी वही घ्या आणि झोपू द्या.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, किती वेळाने किती विसरतो हे मोजलं आणि १८८५ साली छापलं. विसरणं सुरुवातीला धबधब्यासारखं होतं, मग संथ. त्यामुळे एकाच बैठकीत दहा वेळा वाचण्यापेक्षा आज, परवा, पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात असं फिरून आलं की टिकतं.

दुसरी गोष्ट जास्त कामाची आणि जास्त नकोशी. पुस्तक मिटून स्वतःला विचारायचं. अमेरिकेत २००६ साली विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्याने मात्र न बघता लिहून काढणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. पेपर हातात पडल्यावर "हे वाचलं होतं, कुठल्या पानावर होतं तेही आठवतंय" असं होतं ते यामुळे.

आपल्याकडचा परवचा दुसरं काय होता? दिवेलागणीला शुभंकरोती झालं की पाढे, पावकी, निमकी, दिडकी. पुस्तक नाही, पाटी नाही, रोज थोडं, आणि मध्येच आजोबा "सात दिडक्या?" विचारणार. आजोबांनी एबिंगहाउसचं नाव ऐकलं नव्हतं.

जागायची गोळी द्याल का? मित्र घेतात.

नाही. मोडाफिनिल चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि ती अभ्यासासाठी नाही. दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारासाठी आहे. अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं, गर्भनिरोधक गोळीचा परिणामही ती कमी करते. शिवाय रात्रभर जागून केलेला अभ्यास पक्का व्हायची वेळ झोपेतच असते, तीच तुम्ही काढून टाकताय.

बाळाला सुवर्णप्राशन द्यावं का?

पुष्य नक्षत्राच्या दिवशी रांगा लागतात, मला माहीत आहे. बुद्धी वाढते असं भक्कम चाचण्यांतून दिसलेलं नाही. त्यात मध असतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये. बॉट्युलिझम नावाचा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो.

अबॅकस आणि मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या क्लासला घालू का?

दोन्ही एका दमात विचारले जातात, पण दोन्ही एका पंगतीतले नाहीत. अबॅकसने तोंडी हिशोब सुधारतो. वडोदऱ्याच्या एका शाळेत २०४ मुलांवर तीन वर्षं पाहिलं गेलं, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. गणितात फरक पडला, पण एकूण आकलन किंवा लक्षात धरण्याची ताकद वाढली नाही. हिशोब पक्का व्हायला हवा असेल तर घाला. मूल हुशार व्हावं म्हणून घालत असाल तर फी वाया.

मिडब्रेन ॲक्टिव्हेशन ही शुद्ध फसवणूक आहे. मिडब्रेन हा मेंदूच्या खोडाचा भाग, जन्मापासून चालूच असतो. तो "सुरू" करायला बटण नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचतं ते नाकाशेजारच्या फटीतून. पट्टी नीट चिकटवली, की शक्ती जाते. मला सर्वात खटकतं ते हे, की दहा वर्षांच्या मुलाला आपण फटीतून बघतोय हे ठाऊक असतं आणि समोर आईवडील टाळ्या वाजवत असतात.

मोबाइलवरचे ब्रेन गेम, सुडोकू, शब्दकोडी?

जे खेळता तेच सुधारतं. सुडोकू सोडवून माणूस सुडोकूत तरबेज होतो, भाजीची यादी त्याने आठवायला लागत नाही. इंग्लंडमध्ये ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम केले. २०१० साली निकाल आला, सरावाच्या खेळात गुण वाढले, बाकी कशात नाही. ल्युमॉसिटी या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीने जाहिरातीत मोठमोठे दावे केले म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २०१६ साली २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली.

अगदीच निरुपयोगी म्हणणार नाही. पासष्टीपुढच्या सुमारे २,८०० लोकांवरच्या एका अमेरिकी चाचणीत, पडद्यावर झटपट लक्ष देण्याचा सराव केलेल्या गटात दहा वर्षांनी डिमेन्शिया कमी आढळला. स्मरणशक्तीचा सराव केलेल्यांत तसं दिसलं नाही. यावर अजून वाद चालू आहेत. शब्दकोडं आवडतं म्हणून सोडवा, औषध म्हणून नको.

मग पाठांतराने मेंदू बदलतो म्हणतात, ते खोटं?

खोटं नाही, पण त्याला मेहनत लागते. लंडनचे टॅक्सीवाले हजारो रस्ते वर्षानुवर्षं पाठ करतात. २००० साली त्यांच्या मेंदूची छायाचित्रं पाहिली तर हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. आठवणी घडवणारा हा भाग, कानामागे आत, लहानसा. आपल्याकडे शुक्ल यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या २१ पंडितांच्या मेंदूची अशीच पाहणी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात झाली, २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्याही मेंदूचे काही भाग जाड आढळले. पण ते लहानपणापासून रोज कित्येक तास, वर्षानुवर्षं घोकतात. शिवाय पाठांतराने मेंदू तसा झाला, की तसा मेंदू असलेलेच टिकले, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

मला जास्त भावलेली पाहणी हैदराबादची. डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या गटाने ६४८ डिमेन्शियाच्या रुग्णांची माहिती तपासली, २०१३ साली. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. निरक्षर माणसांतही. घरात कन्नड, बाजारात मराठी, गिऱ्हाइकाशी हिंदी, असं मिरजेत निम्म्या गावाचं आयुष्य जातं. फुकट आहे, चालू ठेवा.

चालण्याचा मेंदूशी काय संबंध?

मेंदूला रक्त लागतं, आणि हृदयाला जे मानवतं ते बहुतेक मेंदूलाही मानवतं. अमेरिकेत १२० बैठ्या वृद्धांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं भरभर चालवलं, बाकीच्यांना नुसते ताणाचे व्यायाम दिले. वर्षाने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, इतरांचा दीड टक्क्याच्या आसपास आकसला. हा २०११चा निकाल. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा स्वच्छ निकाल आला नाही, पण एकंदर कल तोच आहे. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं भरभर चाला. नुसतं दूध आणायला जाणं त्यात मोजू नका.

आणि बीपी. चालणं जमलं नाही तरी चाळिशीपासून बीपी ताब्यात ठेवा. "काही त्रास होत नाही" म्हणून गोळी सोडणारे माझ्याकडे रोज येतात. बीपीचा त्रास मेंदूतल्या बारीक नळ्यांना होतो, तुम्हाला नाही, म्हणून तर कळत नाही.

वडील कानाचं मशीन लावत नाहीत. त्याचा विसरण्याशी संबंध आहे का?

आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ गटाने २०२४ साली डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं काढली. ती सगळी नाहीशी झाली तर जगातले जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशोब. ऐकू कमी येणं हे त्यातल्या सर्वांत वरच्या कारणांपैकी एक. २०२३ सालच्या एका अमेरिकी चाचणीत सगळ्यांना मिळून मशीनचा फायदा दिसला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांची घसरण तीन वर्षांत जवळपास निम्म्याने मंदावली.

आमचे आबा दोन वर्षं "हो हो" म्हणत मान डोलवायचे. आम्हाला वाटलं विसरतात. सांगितलेलं त्यांनी ऐकलेलंच नसायचं. मशीन आणलं तर आठ दिवस देवघराच्या फडताळात पडून होतं, कारण ताटं-वाट्यांचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा येतो म्हणे. आवाज कमी-जास्त करून घ्यायला तीनदा परत जावं लागलं. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो: पहिल्या आठवड्यावर जाऊ नका. आणि त्याच्याही आधी कानातला मळ काढून घ्या. एखाद्याचं काम तेवढ्यावरच होतं.

माणसांची नावंच आठवत नाहीत.

नावं सगळ्यांनाच जड जातात. इंग्लंडमध्ये १९८७ साली एक छान प्रयोग झाला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर, एकाला फोटो दाखवून सांगितलं "हे सुतार काम करतात", दुसऱ्याला तोच फोटो दाखवून "यांचं आडनाव सुतार". धंदा लक्षात राहतो, आडनाव जातं. शब्द तोच. धंद्याबरोबर करवत, रंधा, लाकडाचा वास येतो, आडनावाबरोबर काहीच येत नाही. म्हणून नावाला काहीतरी चिकटवा. चित्र जितकं वेडगळ तितकं बरं, ते त्यांना सांगायचं थोडंच आहे. आणि ओळख करून देताना नाव ऐका. निम्म्या वेळा आपण ऐकलेलंच नसतं.

ताबडतोब दवाखान्यात कधी न्यायचं?

कालपर्यंत ठीक असलेलं माणूस आज असंबद्ध बोलायला लागलं, तर तो म्हातारपणाचा विसराळूपणा नाही. लघवीतलं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं (बीपीसाठी लघवी वाढवणारी, म्हणजे पाण्याची गोळी चालू असेल तर विशेष), साखर उतरणं, पक्षाघात, काहीही असू शकतं. दोन-तीन आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये पडून डोक्याला मार लागला होता का, हे आठवून सांगा. कवटीखाली हळूहळू साकळलेलं रक्त काढलं की माणूस पहिल्यासारखं होऊ शकतं. दारू रोजची असेल तर तेही लपवू नका. बी-१ कमी पडून स्मृती कायमची जाऊ शकते, आणि वेळेत इंजेक्शन मिळालं तर वाचू शकते. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना कुठे जायचं हे कळत नसेल तर सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

औषधांची पिशवी घेऊन आलो तर तुम्ही बघाल का?

बघेन. दुपारी दोन ते चार या, गर्दी नसते. चालू असलेलं सगळं आणा. डोळ्यांचे थेंब, काढे, चूर्णं, शेजारणीने दिलेली गोळीसुद्धा. गोळ्यांची स्ट्रिप कापताना नाव आणि तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवत जा. नुसती पांढरी गोल गोळी हातावर ठेवून "ही कशाची?" विचारलंत तर मलाही सांगता येत नाही.